सातासमुद्रापार मंडळाचे चवप्रमुख

नाशिक,
४ मे २०२५

ती. मीनावन्सं,

साष्टांग नमस्कार, म्हणजे गुडघे परवानगी देतील तेवढाच.

तुमचं कानाचं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं म्हणून आपल्यावर पत्रं लिहायची वेळ आली, हे एका अर्थी बरंच झालं. फोनवर बोलताना तुमचे बंधू शेजारी बसून ऐकायचे. पत्र ते वाचत नाहीत. मी लिहिलेल्यात वाचण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटत नाही, त्यामुळे आता मोकळेपणी लिहिते.

आमच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या टाळक्यांनी मिळून 'सातासमुद्रापार मंडळ' काढलं आहे. महिन्यातून दोनदा नाशकातल्याच एखाद्या हॉटेलात जायचं आणि परदेशी जेवायचं. व्हिसा नको, विमान नको, गंगापूर रोडला गाडी लावायला जागा मिळाली की पोचलो परदेशात. तेजश्री निवृत्त मुख्याध्यापिका, ती मेनूकार्ड मोठ्याने वाचते आणि वेटरचे उच्चार सुधारते. तिचे यजमान बरोबर असतात. ते कुठल्याही देशात गेले तरी शेवटी दहीभात मिळेल का म्हणून विचारतात. धवल आमच्यात तरुण, म्हणजे पन्नाशीचा. त्याचं टाइल्सचं दुकान आहे. एकदा टूरबरोबर युरोप बघून आल्यामुळे मेक्सिकोपासून जपानपर्यंत सगळ्यावर बोलायचा अधिकार त्याला आपोआप मिळाला आहे. पाचवी मी, कारण गाडीत एक जागा उरते.

आणि मंडळाचे चवप्रमुख तुमचे बंधू. पंचवटीत आमच्या घरी यात्रेकरूंच्या पंगती उठायच्या, चव आमच्या रक्तातच आहे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. कोणी रक्त तपासून पाहिलं नाही.

मंडळाची पद्धत अशी. पदार्थ आला की सगळ्यांनी एकेक घास घ्यायचा आणि गप्प बसायचं. चवप्रमुख सर्वांत शेवटी घास घेणार, डोळे मिटणार आणि बोलणार. ते बोलले की इतरांनी बोलायचं, आणि तेच बोलायचं. मग तेजश्री ते इंटरनेटवर टाकते आणि वर तारे देते. गेल्या खेपेला इटालियन होतं. चीज घातलेली भाताची खिमट म्हणा ना. हे डोळे मिटून म्हणाले, "हा पदार्थ घाई करत नाही." धवलने मान डोलावली, तेजश्रीने लिहून घेतलं. तिचे यजमान म्हणत होते की तांदूळ कच्चा राहिलाय, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

हसून सोडून दिलं असतं, वन्सं. पण घरी काय चाललंय ते ऐका. लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवल्याशिवाय हात धुतला नाही. हिंग बदललास का, फोडणी आधी उतरवलीस, गोडा मसाला मागच्या वर्षीचा आहे. आणि आमटीचा पहिला भुरका मारला की "मीठ कमी आहे". हे मात्र रोज. खरं सांगू? मी मुद्दामच चिमूटभर कमी घालत आले. काहीतरी म्हटल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. मिठावर भागलं की बाकीचं बरंचसं वाचायचं. मी वरून मीठ वाढायचे, ते जेवायचे, दिवस पुढे सरकायचा.

आता एक शब्द नाही. जानेवारीत तो मोठा ताप येऊन गेला, त्यातून उठल्यापासून हे असंच चाललंय. मी मीठ कमी घालते, ते मान खाली घालून जेवतात आणि उठतात. त्या मेक्सिकोच्या राजम्यावर हे दहा मिनिटं बोलतात, आणि माझी आमटी बोलण्याच्या लायकीचीसुद्धा राहिली नाही. मला फार लागलंय हे.

तुमची,
सुधा

*

इंदूर,
१६ मे २०२५

प्रिय सुधा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा सुनेला वाचून दाखवलं, म्हणजे राजम्यापर्यंतच. पुढचं माझ्यापाशी ठेवलं.

अगं, चिंतू लहानपणापासून असाच. नैवेद्याच्या पानावर बसलेल्या भटजींना त्याने 'वरणात तूप जुनं आहे' असं ऐकवलं होतं, मुंजसुद्धा झाली नव्हती तेव्हा. आमच्या आईने त्याला पंगतीतून उचलून बाहेर बसवलं, तर बाहेरून ओरडला की चटणीत लिंबू राहिलंय. असा माणूस गप्प बसला तर मी तुझ्या जागी पेढे वाटले असते. वय झालं की माणसाला समोर ऐकणारी तोंडं लागतात. तू एकटी, ते तिघं. हिशेब साधा आहे.

माझं म्हणशील तर यंत्र बसवल्यापासून जग फार कर्कश झालंय. यंत्राआधी दोन वर्षं मी मजेत काढली. काही ऐकू यायचं नाही, पण सांगायची लाज. मग काय करायचे, समोरच्याचं तोंड बघायचे. तो हसला की मी हसायचे, त्याने कपाळाला आठ्या घातल्या की मी 'काय सांगता' म्हणायचे. नव्वद टक्के वेळा चालून जायचं. उलट सगळे म्हणायचे, मीनाताई किती मन लावून ऐकतात. भजनी मंडळाचं अध्यक्षपद मला त्यातूनच मिळालं. मग एकदा एक गृहस्थ बायको वारल्याचं सांगत होते. त्यांना जुन्या आठवणीने हसू आलं असावं, मीही हसले आणि 'छान झालं' म्हणाले. त्यानंतर आल्हादने लेकाच्या हक्काने मला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं.

तर तू चिंतूचं मनावर घेऊ नकोस. आमटी कर, त्याच्या पुढ्यात ठेव आणि तू तुझी जेव.

तुझी,
मीना

*

नाशिक,
१५ जून २०२५

ती. मीनावन्सं,

नमस्कार. तुम्ही मनावर घेऊ नको म्हणालात. मी घेतलं.

गेल्या पंधरवड्यात लेबनॉनला जाऊन आलो. कॉलेज रोडला आहे तो, दुसऱ्या मजल्यावर. काळ्या ऑलिव्हचं आणि वांग्याचं काहीतरी होतं. तेजश्रीचं तोंड कडूजहर झालं, धवलने घास गालात धरून ठेवला. हे नेहमीसारखे सगळ्यांकडे बघत थांबले. मोठा गवई मैफिलीत आधी तानपुरा ऐकत बसतो ना, तसे. मग घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "यात एक कडवट सत्य आहे." चार तारे. माझ्या कारल्याच्या भाजीत या माणसाला कधी सत्य सापडलं नाही.

घरी तर आता माझ्याकडे लक्षच नाही. परवा गॅसवर दूध ठेवून मी खाली भाजी घ्यायला उतरले. हे स्वयंपाकघरात टेबलाशी पेपर वाचत बसलेले. दूध करपलं, पातेलं काळं झालं, वास जिन्यापर्यंत आला, खालच्या मजल्यावरून रंगूबाई विचारायला वर आल्या. आणि हे तीन हातांवर बसून शब्दकोडं सोडवतायत. मी ओरडले तर दचकून वर बघितलं, जसं काही मीच आगाऊपणा करत होते. माझं घर जळलं तरी चालेल, पण कोड्यातला आडवा शब्द महत्त्वाचा.

म्हणून मी एक गोष्ट केली. इंदिरानगरच्या एका बाईंचा डबा लावला. हे सकाळी ट्रॅकवर असतात तेव्हा डबा येतो. मी तो आपल्या पातेल्यांत काढते, वरून कोथिंबीर घालते आणि यांच्या पुढ्यात ठेवते. त्या बाई आमटीत साखर घालतात, गुळाला हात लावत नाहीत. भाजीला तेलाचा तवंग असतो. पोळ्या अशा की दारावर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. वन्सं, यांना पत्ता नाही. इतक्या वर्षांचा माझा हात आणि डबेवालीचा हात यांना सारखाच.

मी सईला कळवलंय की मी बंगलोरला येते. ऑगस्टचं तिकीट काढलं. जायचं काढलंय, परतीचं काढलं नाही. सईने विचारलं, आई किती दिवस? म्हटलं, बघू. यांनी विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, "जा, तुला बदल होईल." मी इथे असण्यानसण्याने ज्या घरात जेवणाचासुद्धा फरक पडत नाही, तिथे मी काय करू, ते तुम्ही सांगा.

सुधा

*

इंदूर,
२४ जून २०२५

चिंतू,

हे पत्र सुधाला दाखवू नकोस. तसा तू तिला काहीच दाखवत नाहीस म्हणा.

सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत थांबतोस. त्यांची तोंडं बघतोस. मग बोलतोस. शेजारी दूध करपलं तरी तुला समजत नाही. मी दोन वर्षं हेच केलंय, फक्त माझे कान होते. मला फसवायला तुला दुसरा जन्म घ्यावा लागेल.

तुला वास येत नाही ना? आणि चव?

खरं लिही.

ताई

*

नाशिक,
२ जुलै २०२५

ताई,

तुझं पत्र ट्रॅकवरच्या बाकावर बसून वाचलं. घरी वाचायचं धाडस झालं नाही.

हो. जानेवारीच्या तापानंतर गेलं. आधी वाटलं सर्दी आहे. मग एक दिवस लसणीची चटणी खाल्ली तर नुसता तिखट चटका लागला, मागे काही नाही. गोड, खारट, आंबट, काही नाही. डॉक्टरला गुपचूप दाखवलं. ते म्हणाले, काहींचं परत येतं, काहींचं येत नाही. यावर त्यांनी फी घेतली.

तू मंडळावरून माझी चेष्टा करशील, कर. पण तुला सांगतो, तिथे मला फार सोपं जातं. त्या पदार्थांची खरी चव कशी असते हे तिथे कोणालाच माहीत नाही. धवलला नाही, तेजश्रीला नाही, बऱ्याचदा आचाऱ्यालासुद्धा नाही. मी डोळे मिटून काहीही म्हटलं तरी ते खरं ठरतं. दोन तास मी पूर्वीचा चिंतामण असतो.

घरी काय म्हणू? सुधाच्या आमटीबद्दल मी खोटं बोललो तर तिला पहिल्या शब्दाला कळेल. चांगली झालीय म्हणावं तर मी जन्मात कधी म्हणालो नाही, ती डॉक्टरला बोलवेल. मीठ कमी आहे असं म्हणावं, तर ते खरंच कमी आहे की नाही हे मला समजत नाही. ती मुद्दाम कमी घालते, मला माहीत आहे. तिला वाटतं मला माहीत नाही. पहिल्या वर्षीच माझ्या लक्षात आलं होतं. आता एखाद्या दिवशी तिने बरोबर घातलं आणि मी कमी म्हणालो, तर संपलंच. म्हणून गप्प बसतो. पानावर बसतो, ती समोर असते, आणि मला नुसतं गरम आणि गार तेवढं कळतं. फार एकटं वाटतं ताई.

ती सईकडे चालली आहे. बरंच आहे. तिला विश्रांती मिळेल आणि मला दोन वेळचं नाटक करावं लागणार नाही. तिला सांगू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे. मी सांगेन सवडीने.

तुझा,
चिंतू

ता. क. सध्या ती स्वयंपाकात फार मेहनत घेते आहे असं दिसतं. भाजीवर रोज कोथिंबीर असते.

*

नाशिक,
२२ जुलै २०२५

मीनावन्सं,

नमस्कार नंतर करीन. आधी वाचा.

श्रावण लागायच्या आत कोरिया उरकायचा असं मंडळाचं ठरलं. मी तिकिटाच्या तयारीत होते, पण म्हटलं जाता जाता एक देश बघून घेऊ. त्र्यंबक रोडला नवीन हॉटेल निघालंय. मालक निफाडचा दत्तू, वडिलांची द्राक्षबाग, पोराने कोरियन मालिका बघून बघून हॉटेल काढलं. रविवारी दुपारी आम्ही पाच जण तिथे बुटक्या टेबलाशी मांडी घालून बसलो. तेजश्रीचे यजमान बसले ते बसले, उठताना दोघे लागले.

पाच-सहा वाट्या आल्या. त्यातली एक आली आणि माझं नाक फिरलं. सोयाबीनचं पनीर आणि मुळा, वर लाल रस्सा. आठवडाभर ओल्या राहिलेल्या पायपुसण्याला येतो तसा वास. मी म्हणाले, "हे नासलंय." तेजश्रीने पदर नाकाशी नेला आणि लगेच खाली घेतला. धवल श्वास रोखून यांच्याकडे बघत होता. त्या दिवशी कोणी आधी घास घेईना. तेव्हा हे स्वतः पुढे झाले, भरघोस चमचा घेतला, डोळे मिटले.

"सुधा," हे म्हणाले, "हा आंबवलेला पदार्थ आहे. याला वेळ दिलेला आहे."

एवढ्यात दत्तू स्वतः धावत आला. हात जोडून म्हणाला, "काका, ती वाटी नका खाऊ. खराब हाय ती. लाइट गेली व्हती, फ्रीज बंद व्हता, फेकायला काढली व्हती ती चुकून आली. दुसरं देतो करून."

यावर तुमचे बंधू काय म्हणाले असतील? "अरे बाळा, आम्ही नाशिकचे म्हणून आम्हाला सोपं करून वाढू नकोस. अस्सल आहे ते राहू दे."

"काका, अस्सल नाय, नासकं हाय."

"आम्ही युरोप फिरलोय," धवल म्हणाला.

"लय पाया पडतो तुमच्या," दत्तू म्हणाला आणि खरोखर वाकला.

तेजश्री आम्हाला म्हणाली, "बघितलंत? कोरियात असंच असतं. फार विनयशील लोक."

पोराने वाटी ओढली, धवलने ती परत ओढली. मग चौघांनी मिळून ती संपवली. धवल म्हणाला, वेळ दिलेला जाणवतो. तेजश्री म्हणाली, फार खोल आहे. तिच्या यजमानांनी न बोलता खाल्लं, डोळ्यांत पाणी होतं. मी माझा भात घेऊन बाजूला सरकले, तर धवल मला म्हणाला, "काकू, जीभ थोडी मोकळी सोडायला पाहिजे."

संध्याकाळपर्यंत चौघांचं सगळंच मोकळं सुटलं. एकाच दवाखान्यात, एकाच खोलीत, चार पलंग आणि चार सलाईन. मी मधल्या स्टुलावर. आलटून पालटून भांडं कोणापुढे धरायचं एवढंच माझं काम होतं. दत्तू बिचारा नारळपाण्याची पिशवी घेऊन दारात उभा होता. आत यायची त्याची हिंमत होत नव्हती.

डॉक्टर तरुण होता. त्याने धवलला विचारलं, वास आला नाही का? आला, धवल म्हणाला. तेजश्रीला विचारलं. आला. तिच्या यजमानांना विचारलं. ते म्हणाले, आला, पण मला वाटलं माझ्या मिशांचा असेल. डॉक्टर म्हणाला, मग खाल्लंत का? तिघांनी पडल्या पडल्या एकच बोट केलं, चौथ्या पलंगाकडे.

हे छताकडे बघत होते. म्हणाले, "मला वास आला नाही. जानेवारीपासून मला कसलाच वास येत नाही आणि कसलीच चव लागत नाही."

तेजश्री सुईसकट उठून बसली. "मग लेबनॉनला आपण चार तारे दिले ते?"

"तुझं तोंड बघून दिले," हे म्हणाले.

वन्सं, माझ्या हातातलं भांडं खाली पडायचं राहिलं. मला आधी राग आला. मग ते करपलेलं दूध आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मग पुन्हा राग आला. सात महिने हा माणूस माझ्यासमोर बसून माती खाल्ल्यासारखा जेवत होता आणि मी समजत होते की माझी किंमत गेली. रिक्षातून घरी येताना मी विचारलं, त्या लोकांसमोर वाट्टेल ते बोलत होतात, मग माझ्यासमोर तोंड का शिवलं होतं? म्हणाले, "त्यांना काही कळत नाही. तुला सगळं कळतं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या स्वयंपाकाबद्दल बरं काही म्हटलं, तेही ओकाऱ्या थांबल्यावर.

मग मीही डब्याचं सांगून टाकलं. तर म्हणाले, "म्हणजे डबेवालीच्या भाजीला मी फुकट घाबरत होतो?"

आणि मग त्यांनी सांगितलं की ताईला सगळं माहीत आहे. जूनपासून.

तुम्हाला माहीत होतं. मी इकडे परतीचं तिकीट न काढता सामान भरत होते, आणि तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत. नणंद ती नणंदच, असं मी आजवर कधी म्हणाले नव्हते. आज म्हणते.

सुधा

*

इंदूर,
३० जुलै २०२५

सुधा,

म्हण. मी ऐकून घेते, यंत्र लावून.

पण एक सांगते. माझे कान गेल्याचं माझ्या सुनेला वर्षभर आधी कळलं होतं. हे तिने मला नंतर सांगितलं. तिने कोणाला सांगितलं नाही. मी स्वतः म्हणेन याची वाट बघत राहिली. तेवढ्या काळात माझी फजिती झाली, पण माझा मान माझ्या हातात राहिला. चिंतूला तेवढं द्यावं असं मला वाटलं. त्यात तुझं काय होतंय याचा विचार कमी पडला. तुझ्या तिकिटाचं मी वाचलं होतं आणि तरी गप्प बसले, ते चुकलंच. चिंतू जाऊन नासकं खाईल आणि चार माणसांना आडवं करील, हे मात्र कुठल्याही पत्रात दिसत नव्हतं.

बंगलोरचं काय केलंस? आणि आता आमटीत मीठ किती घालतेस?

मीना

*

नाशिक,
१७ ऑगस्ट २०२५

ती. मीनावन्सं,

साष्टांग नमस्कार, यावेळी खरोखरचा. पलंगाच्या कडेला धरून केला.

तिकीट रद्द केलं. सई म्हणाली, बरं झालं, आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात असतो, तू कंटाळली असतीस. बघा, माझी आपली कुठेच अडचण नको. डबाही बंद केला. त्या बाई विचारत होत्या, काही कमी पडलं का. काय सांगणार, खाणाऱ्याला काही कमी पडलं नाही, वाढणारीला पडलं.

मंडळ घरी येऊन गेलं. मला वाटलं भांडायला आले, मी पोहे केले होते तेवढे पुढे केले. तेजश्रीने तारे काढून टाकलेले नाहीत. आता काढले तर लोक आधीच्या सगळ्यांवर शंका घेतील म्हणते. धवल थोडा घुटमळला आणि म्हणाला, "काका, मागच्या रविवारी आम्ही व्हिएतनामला गेलो होतो तुमच्याशिवाय. खाऊन झाल्यावर कोणाला काही बोलताच येईना. तुम्ही या. चव आम्ही घेऊ, बोलायचं तुम्ही." तेजश्री म्हणाली, त्यात फसवणूक अशी काही नाही. तिचे यजमान पोह्यांची दुसरी बशी मागत होते. मला वाटलं होतं हे नाही म्हणतील. हे म्हणाले, विचार करून सांगतो. स्वभावाला औषध सात महिन्यांत सापडणार नाही, हे मीच समजून घेतलं. एक अट मात्र मी घातली. यापुढे वाटी आधी माझ्या नाकाखालून जाईल.

आता मिठाचं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कोणाला बोलू नका.

डबा बंद केल्यावर पहिल्या दिवशी मी आमटी केली. चिंच, गूळ, गोडा मसाला, सगळं मन लावून. मीठ घालताना हात थांबला. कमी कोणासाठी घालायचं? ज्याने म्हणायचं त्याला समजणारच नाही. मग मी आयुष्यात पहिल्यांदा आमटीत पुरतं मीठ घातलं. चाखून बघितली, वन्सं, फार सुरेख झाली होती. इतकी वर्षं मी स्वतःसुद्धा माझी आमटी पूर्ण चवीची खाल्ली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं.

पानं वाढली. हे बसले. चित्राहुती घातल्या. वाटी उचलली, एक भुरका मारला. डोळे मिटले नाहीत की काही नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाले,

"मीठ कमी आहे."

मी उठले. मिठाचा डबा आणला, चिमूटभर त्यांच्या वाटीत घातलं, चिमूटभर माझ्या. ते समाधानाने जेवले, पुन्हा आमटी मागितली.

फार खारट झाली होती. मी मुकाट्याने खाल्ली. त्यांना काय कळणार होतं, पण मी टाकलेली दिसली असती.

तुमची,
सुधा